चौदाव्या प्रश्नाला बिनविरोध पाच

सोमवारी सकाळी दीपा मनवरने ऑफिसचा संगणक सुरू केला तेव्हा पडद्याच्या कोपऱ्यात एक लाल त्रिकोण लुकलुकत होता. कंपनीच्या संगणकावर रोज काही ना काही लुकलुकतच असतं. कोणाचा तरी वाढदिवस, कुठल्या तरी देशातली सुट्टी, पाणी जास्त प्या अशी आठवण. म्हणून तिने तो त्रिकोण बंद केला आणि हजेरीपत्रक उघडलं. त्रिकोण परत आला. मग तिने तो वाचला. वाचून झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून वाचला, कारण पहिल्या वाचनात त्याचा अर्थच लागला नव्हता.

‘यवतमाळ प्रकल्प, पॅकिंग विभाग. प्रश्न १४ : मला माझ्या वरिष्ठांची भीती वाटते. एकूण उत्तरं चौसष्ट. सरासरी ५.००. वरिष्ठ : मोईन शेख.’

कंपनीचा धंदा कापसाचा. चेहऱ्यावरचा रंग पुसायच्या गोल चकत्या, कानात घालायच्या काड्या आणि दवाखान्यांना लागणारा निर्जंतुक कापूस. एकतीस देशांत तिचे कारखाने आहेत आणि त्यातला एक यवतमाळहून दारव्ह्याला जाणाऱ्या रस्त्यावर आहे. तिथे चारशे दहा माणसं काम करतात आणि त्या माणसांची व्यवस्थापक दीपा. तशी ती रसायनशास्त्रातली. अमरावतीला एमएस्सी करून ती याच कंपनीच्या पुण्याच्या प्रयोगशाळेत लागली होती. तिथून तिला कोणीतरी मनुष्यबळ विभागात ओढलं, का तर म्हणे ‘लोक तुझ्याशी मोकळेपणाने बोलतात’. दीपाला स्वतःला तसा अनुभव कधी आला नव्हता. पण पुढे यवतमाळलाच जागा निघाली, घर जवळ आलं, आणि ती इकडे आली.

वर्षातून एकदा कंपनी सगळ्या देशांतल्या सगळ्या माणसांना वीस प्रश्न विचारते. कॅन्टीनच्या भिंतीला टॅब लावलेले असतात. त्यावर मराठीत एकेक वाक्य येतं आणि त्याखाली एक ते पाच आकडे. वाक्य अगदी पटलं तर पाच, मुळीच पटलं नाही तर एक. नाव लिहायचं नसतं. कोणी काय दाबलं ते दीपालाही कळत नाही, फक्त बेरजा कळतात.

तिने पॅकिंगच्या बेरजा उघडल्या. चौसष्ट जणी, वीस प्रश्न, आणि एकाही प्रश्नावर दोघींचं उत्तर वेगळं नाही. तिने आयुष्यात इतकी स्वच्छ मापं पाहिली नव्हती. एकच द्रावण चौसष्ट वेळा मोजलं तरी आकडा शेवटच्या घरात जरासा हलतो. हललाच नाही तर उपकरण बिघडलं असं समजायचं, हे तिला पहिल्या वर्षीच शिकवलेलं.

सगळ्यांनी डोळे मिटून पाच-पाच दाबले असतील, असं तिला आधी वाटलं. पण तसं नव्हतं. ‘कॅन्टीनमधलं जेवण चांगलं असतं’ याला चौसष्ट वेळा तीन होते. ‘येत्या वर्षभरात मी नोकरी सोडण्याची शक्यता आहे’ याला चौसष्ट वेळा एक. म्हणजे बायांनी प्रश्न वाचले होते, समजून घेतले होते, आणि मग चौदाव्याला पाच दिले होते.

तेवढ्यात पुण्याहून इंद्रजितचा फोन आला. इंद्रजित तिचा वरिष्ठ, सगळ्या पश्चिम भारताचं बघायचा.

“दीपा, तुमच्याकडे काय भुताचा सिनेमा चाललाय का? चौसष्टपैकी चौसष्ट?”

“मी आत्ताच बघितलं.”

“सिंगापूरच्या हेड ऑफिसने माझ्याआधी बघितलं. भीतीच्या प्रश्नाला दहा टक्क्यांच्या वर पाच आले की आपोआप चौकशी लागते. तुमच्याकडे शंभर टक्के आहेत. तो शेख नक्की करतो तरी काय तिथे? चाबूक वगैरे?”

“तो हळू आवाजात बोलतो. मशीनच्या आवाजात ऐकू येत नाही म्हणून हाताने खुणा करतो.”

“मग खुणा कसल्या करतो ते बघ,” इंद्रजित म्हणाला. मग थट्टा सोडून त्याने नियम सांगितला. दहा जणींच्या एकटीएकटीने मुलाखती. शुक्रवारी पाचच्या आत एकाच रकान्यात उत्तर, ग्राह्य किंवा अग्राह्य. ग्राह्य लिहिलं तर मोईन त्याच संध्याकाळपासून निलंबित. अग्राह्य लिहिलं तर फाइल बंद, आणि त्याच माणसावर त्याच कारणासाठी वर्षभर नवी फाइल उघडता येत नाही.

“निलंबित झालेला परत येतो का कधी?” दीपाने विचारलं.

“कागदावर येतो,” इंद्रजित म्हणाला.

मोईनला सांगणं तिच्याकडेच होतं. तो टोपी हातात घेऊन केबिनमध्ये आला आणि खुर्चीच्या कडेवर बसला. दारव्ह्याचा माणूस, अकरा वर्षं याच कारखान्यात, त्यातली सहा पॅकिंगचा इनचार्ज म्हणून. दीपाने पडदा त्याच्याकडे वळवला. त्याने बराच वेळ पाहिलं.

“चौसष्टच्या चौसष्ट?”

“हो.”

“एखादी तरी सोडून द्यायची होती ना मॅडम,” तो म्हणाला. मग त्याने टोपी गुडघ्यावर ठेवली. “घरी मले माही बायको फरहा भीत नाही. लेकरू भीत नाही. घरातली मांजर मी दिसलो तं जागची हलत नाही. अन् ह्या चौसष्ट जनी मले भेऊन राह्यल्या? कायले?”

“तेच शोधायचं आहे. तोवर तुम्ही कोणालाही काही विचारायचं नाही. एकीलाही नाही.”

“नाही इचारत.” तो उठला, दारापर्यंत गेला, परत वळला. “पन मॅडम, आता मी त्यायच्या समोर उभा कसा राहू? म्हनजे, तोंड कसं ठेवू?”

नेहमीसारखं ठेवा, असं ती म्हणाली. नंतर तिला वाटलं, नेहमीचं तोंड जर भीतीचं असेल तर आपण भलताच सल्ला दिला.

मुलाखती मंगळवारी सुरू झाल्या. पहिली आली ती खुर्चीवर बसायच्या आधीच म्हणाली, “आमचं सगळं बराबर आहे.” दुसरी म्हणाली, “सगळं बराबर आहे.” तिसरीला दीपाने चहा दिला, गावाकडची चौकशी केली, कंपनीच्या पुस्तकात सांगितलंय तसं मोकळं वातावरण तयार केलं. तिसरीने चहा संपवला, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, “बराबरच आहे मॅडम.” प्रत्येकीला ती विचारी, मग चौदाव्याला पाच का दिले? प्रत्येकीचं उत्तर एकच. ठरलं होतं.

कोणी ठरवलं ते चौथीकडून कळलं, कारण चौथी स्वतः कांताबाई होत्या. पन्नाशीच्या, कपाळ मोठं, आवाज त्याहून मोठा. पॅकिंगच्या लाइनीवर त्या पुढच्या जागेवर बसायच्या आणि कोणी कोणत्या मशीनवर जायचं, कोणी आधी जेवायचं, हे सगळं तिथून चालवायच्या. दारव्ह्याकडच्या त्यांच्या गावात त्या एकदा ग्रामपंचायतीच्या सदस्य होत्या, आणि ते त्या विसरू देत नसत.

“आमी ठरवलं ना मॅडम. दोन दिवस बसलो जेवनाच्या सुट्टीत. बिनविरोध केलं.”

“काय केलं?”

“बिनविरोध.” हिला एवढंही कळू नये याचं कांताबाईंना नवल वाटलेलं दिसलं. “आमच्या गावात पंधरा वर्षं झाले, मतदानाची मशीन आली नाही. आधीच बसाचं, बोलाचं, भांडाचं, काय ते करून घ्याचं. मंग एकच नाव द्याचं. कलेक्टरच्या हातून बक्षीस भेटलं गावाले. तसंच इथं केलं. एकेक प्रश्न वाचला, सगळ्यायले इचारलं, अन् एक आकडा काढला.”

“कांताबाई, हे मतदान नव्हतं. प्रत्येकीला वेगळं काय वाटतं ते हवं होतं कंपनीला.”

“कायले?” कांताबाईंनी विचारलं. “कोनी दोन दिले, कोनी चार दिले, तं वरच्याले वाट्टे यायच्यात फूट आहे. मंग ते एकेकीले धरतात. आता पाहा, तुमी धरूनच राह्यल्या ना?”

दीपाला हसू आलं. ते तिने कागदाकडे बघून घालवलं.

“जेवणाला तीन का दिले?”

“त्याच्यावर तं लय वाद झाला. काही जनी म्हने एकच द्या, कढीत नुसतं पानी असते. मी म्हटलं, पोट तं भरते ना बाप्पा, तीन द्या.”

“आणि चौदावा? मोईनची तुम्हाला भीती वाटते, असा त्याचा अर्थ होतो.”

“हाव.”

“वाटते?”

“मोईनभाऊची?” कांताबाई इतक्या जोरात हसल्या की बाहेर बसलेल्या कारकुनाने काचेतून आत पाहिलं. “त्याले कोन भेते? पन तसं लिहून देता येते का? वरचे म्हनतीन, याले बाया भीतच नाहीत, तं हा इनचार्ज कायले ठेवला? त्याची नोकरी जाईन. मानूस चांगला आहे मॅडम. त्याच्यासाठी दिले पाच.”

दीपाला एकदम सगळं कोडं सुटल्यासारखं झालं. उपकरण बिघडलेलं नव्हतं. द्रावणच आधी ढवळून एकजीव केलेलं होतं. एका माणसाची नोकरी वाचावी म्हणून चौसष्ट बायांनी विचारपूर्वक असं उत्तर दिलं होतं, ज्याने त्याची नोकरी जाईल. हे सिंगापूरला इंग्रजीत कसं लिहायचं, एवढाच प्रश्न उरला होता. त्या दुपारी तिने दोन परिच्छेद लिहिलेही. ‘बिनविरोध’ या शब्दासाठी तिला चार वाक्यं लागली.

पण मुलाखती दहा व्हायला हव्या होत्या आणि ती नियम मोडणाऱ्यातली नव्हती. बुधवारी पाचवी, सहावी, सातवी आणि आठवी झाली. त्यांनी कांताबाईंचंच सांगणं आपापल्या शब्दांत सांगितलं. नववी प्रियंका चव्हाण. तेवीस वर्षांची, घाटंजीकडच्या तांड्यावरची, यवतमाळात दोन मैत्रिणींबरोबर खोली करून राहणारी. फाइलीत तिच्याविषयी एवढंच होतं. उशीर नाही, रजा नाही, तक्रार नाही.

“सगळ्यांनी ठरवलं म्हणून पाच दिले?”

“हो.”

दीपाने कागदावर खूण केली. झालंच होतं. पण प्रयोगशाळेतली एक सवय तिच्या अंगात राहिली होती. नमुना मोजून झाला की एकदा नमुन्याशिवाय मोजून बघायचं. म्हणून तिने विचारलं, “आणि ठरलं नसतं तर?”

प्रियंकाने टेबलाच्या काचेकडे पाहिलं. काचेखाली एकतीस देशांचा नकाशा होता. ती नकाशा बघत होती असं नाही.

“तरी पाचच,” ती म्हणाली.

दीपाला वाटलं, आपण ऐकण्यात चुकलो. “म्हणजे तुला खरंच भीती वाटते? कोणाची?”

“प्रश्नात नाव नव्हतं इचारलं.”

“मी विचारते आहे.”

“तुमी लिहून घेऊन राह्यल्या.”

दीपाने पेन खाली ठेवलं. त्याने काही फरक पडला नाही. प्रियंका बसून राहिली, हात मांडीवर, एका हाताने दुसऱ्याची बोटं धरलेली. मग तिनेच विचारलं, “मॅडम, चौसष्ट पाच आहेत ना? त्यातलं माह्यं कोनतं, ते दिसते का कोनाले?”

“नाही. मलाही नाही दिसत.”

“मंग ठीक आहे.” ती उठली. दाराशी गेल्यावर पाठमोरीच म्हणाली, “मी आलती एकदा तुमच्याकडं. संक्रांतीनंतर. तुमी म्हनल्या, लिंकवर टाक.”

“काय टाकायचं होतं?”

“आता काय त्याचं,” असं म्हणून ती गेली. दार आपोआप लागणारं होतं, ते सावकाश लागलं.

दहावी आली आणि कांताबाईंचंच सांगून गेली. मग दीपाने जानेवारीचं कॅलेंडर उघडलं. संक्रांतीनंतरच्या आठवड्यात रोज दोन तास कोणत्या तरी देशाशी बैठक होती. प्रियंकाचं नाव कुठेच नव्हतं. आठवायचा तिने पुष्कळ प्रयत्न केला. दारात उभी असलेली एक मुलगी, निळा कोट, डोक्यावर जाळीची टोपी. पण पॅकिंगमधली प्रत्येकच मुलगी निळ्या कोटात आणि जाळीच्या टोपीत असते. ‘लिंकवर टाक’ हे ती दिवसातून दहादा म्हणते. तक्रारींसाठी कंपनीची लिंक आहे, तिच्यावर टाकलं की नोंद राहते, नोंद राहिली की न्याय होतो, असं तिने स्वतः नव्या माणसांना शिकवलं होतं.

गुरुवारी ती पॅकिंगमध्ये गेली. पट्ट्यावरून चकत्या येत होत्या, वेडीवाकडी दिसली की बाया ती दोन बोटांनी उचलून बाजूला टाकत होत्या. मोईन लांब उभा होता. त्याने हात पाठीमागे बांधले होते. तीन दिवसांपासून तो खुणासुद्धा करत नाही, असं कोणीतरी तिला सांगितलं होतं.

“कांताबाई,” दीपा वाकून म्हणाली, “चौदाव्याला पाच द्या, असं पहिल्यांदा कोण बोललं?”

“आमी सगळ्याच.”

“पहिल्यांदा कोण?”

कांताबाईंचे हात चालूच होते. “पहिल्यांदा म्हनजे... मी तं म्हटलं होतं एक द्या. भीती कायची? मंग कोनतरी म्हने, नाही, पाच.” त्यांनी एक चकती बाजूला टाकली. “प्रियंकाच म्हने. एरवी ते पोरगी तोंड उघडत नाही. त्या दिवशी म्हने, याले पाच द्या. मी म्हटलं, काहून वं? तं गप्प. मंग आमीच इचार केला, हे बराबर आहे, इनचार्जची भीती असलीच पाह्यजे. शानी आहे पोरगी.”

मग त्या मान न वळवता ओरडल्या, “ए प्रियंका, तीन नंबरवर जाय!”

वाक्य पुरं व्हायच्या आतच प्रियंका उठली होती. दीपाने ते पाहिलं. ही भीती की सवय, की नुसती कामाची चपळाई? तीन नंबरवर जाताना प्रियंका मोईनच्या समोरून गेली नाही, मागून वळसा घालून गेली. पण समोर कापसाच्या गोण्या रचलेल्या होत्या. गोण्या नसत्या तर ती कुठून गेली असती, हे आता कळायला मार्ग नव्हता.

केबिनमध्ये परत आल्यावर तिने मोईनला बोलावलं आणि कोणाचंही नाव न घेता विचारलं, “तुम्हाला कोण घाबरत असेल असं वाटतं? खरं सांगा.”

त्याने बोटांवर मोजायला घेतलं. “एकीवर ओरडलो होतो मार्चमध्ये, तिचा हात मशीनमध्ये चालला होता. एकीची सुट्टी नामंजूर केली, ते चार दिवस बोलली नाही. अन् एक जन, तिले मी म्हटलं होतं का तुझ्याच्यानं हे काम नाही होत. ते म्हनाले नव्हतं पाह्यजे.” तिन्ही नावं त्याने सांगितली. त्यात प्रियंका नव्हती.

याचा काय अर्थ काढायचा ते दीपाला कळेना. त्याने तिला कधी दुखावलंच नसेल. किंवा दुखावलं असेल आणि त्याला त्याचा पत्ता नसेल. किंवा पत्ता असेल आणि म्हणूनच नाव घेतलं नसेल. तिने एका कागदावर प्रियंकाच्या वरचे सगळे लिहून काढले. मोईन. मग कांताबाई, ज्या कंपनीच्या तक्त्यात कुठेच वरिष्ठ नव्हत्या, तिथे त्या इतर त्रेसष्ट जणींसारख्या एक कामगार होत्या. पण ज्यांनी ‘जाय’ म्हटलं की माणूस उठत होतं. कागद बाजूला सारताना तिच्या लक्षात आलं की यादीत एक नाव राहिलं. जिच्या दारात ती मुलगी आली होती तिचं. मोजणाऱ्याने स्वतःला मापातून वगळायचं नसतं. तिने खाली ‘दीपा मनवर’ लिहिलं आणि त्या तीन नावांकडे बघत बसली. तिन्ही सारखीच शक्य वाटत होती आणि तिन्ही सारखीच अशक्य.

शुक्रवारी दुपारी चारला तिने प्रियंकाला पुन्हा बोलावलं. पेन नाही, कागद नाही, संगणक बंद.

“एकच विचारते. हो किंवा नाही म्हण. मोईनभाऊ आहेत का?”

प्रियंकाने तिच्याकडे सरळ पाहिलं, या आठवड्यात पहिल्यांदाच. “मी हो म्हटलं तं त्यायले काढान का?”

“कदाचित.”

“अन् मंग सगळ्यायले समजन, कोनामुळं काढलं ते.”

“मी सांगणार नाही.”

“समजते मॅडम. इथं सगळं समजते.” ती खुर्चीवरून उठली. “नका काढू त्यायले.”

“म्हणजे ते नाहीत?”

“नका काढू म्हटलं ना.”

“प्रियंका, मग कोण? कांताबाई? मी?”

शेवटच्या शब्दाला तिचा चेहरा बदलला, असं दीपाला वाटलं. पण तो कशासाठी बदलला, ते सांगता आलं नसतं. हसू यायच्या आधीही चेहरा तसाच होतो आणि रडू यायच्या आधीही. “मशीन चालू आहे माह्यं,” असं म्हणून प्रियंका गेली.

चार वाजून दहा मिनिटं झाली होती. दीपाने रकाना उघडला. ग्राह्य लिहिलं तर मोईन आज जातो, आणि बहुधा त्याने काही केलेलं नसताना जातो. अग्राह्य लिहिलं तर चौसष्ट पाच पुसले जातात. त्यातले त्रेसष्ट खोटे, आणि खोटे म्हणजे तरी काय, मायेने दिलेले. एक खरा. तो खराही पुसला जातो. ‘त्रेसष्ट अग्राह्य, एक ग्राह्य’ असं तिने लिहून पाहिलं. संगणकाने ते घेतलं नाही.

साडेचारला तिने ‘अग्राह्य’ दाबलं. मोईनच्या नावापुढचा लाल त्रिकोण विझला. तिला हायसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

मग तिने ती लिंक उघडली. आजवर तिने शेकडोंना ती दाखवली होती, पण तिच्यावर स्वतः कधी काही टाकलं नव्हतं. पहिला रकाना तक्रारदाराचा. तिथे तिने स्वतःचं नाव लिहिलं. दुसरा, कोणाविरुद्ध. ‘माहीत नाही’ लिहिलं तर रकान्याची कडा लाल झाली. रिकामा सोडला तरी लाल. मोईनचं नाव आता वर्षभर चालणार नव्हतं, आणि चाललं असतं तरी तिने ते लिहिलं नसतं. कांताबाईंचं लिहायला तिच्याजवळ तीन नंबरवर जायला वाक्य संपायच्या आतच उठलेल्या एका मुलीखेरीज काही नव्हतं.

या सगळ्या आठवड्यात नक्की कळलेली गोष्ट एकच होती. तिने दुसऱ्याही रकान्यात स्वतःचं नाव घातलं. संगणक क्षणभर थांबला आणि त्याने ते घेतलं. खाली तपशिलात तिने चार वाक्यं लिहिली.

‘जानेवारीत पॅकिंग विभागातली एक कर्मचारी माझ्याकडे काही सांगायला आली होती. मी ते ऐकून घेतलं नाही. ते काय होतं हे मला माहीत नाही. बाहेरच्या माणसाने येऊन सर्व चौसष्ट जणींशी कारखान्याबाहेर, एकेकीशी बोलावं.’

पाठवल्यावर तिचा संगणक दोन मिनिटांत बंद पडला. ज्याच्याविरुद्ध तक्रार असते त्याला फाइली दिसू नयेत, असा नियम आहे. तो नियम इथे लावायचं कामही आजवर तीच करत आली होती.

इंद्रजितचा फोन पाचच्या आधीच आला. “दीपा, तू हे काय करून ठेवलंस? स्वतःविरुद्ध? सिंगापूरला वाटतंय संगणक बिघडलाय.”

“बिघडला नाहीये.”

“मला फक्त एवढं सांग, तू काही केलंस की नाही?”

“तेच मला कळत नाहीये.”

“आणि शेख?”

“त्याच्याविरुद्ध मला काही सापडलं नाही.”

“म्हणजे तो निर्दोष आहे?”

“मला काही सापडलं नाही,” दीपा पुन्हा म्हणाली. या दोन वाक्यांत किती अंतर आहे, ते इंद्रजितला समजावून सांगायला तिच्याकडे त्या वेळी बळ नव्हतं. तिकडे त्याने कोणाला तरी इंग्रजीत काही सांगितलं. मग म्हणाला, “येईल माणूस. पुढच्या आठवड्यात येईल. तोवर तू घरी बस,” आणि त्याने फोन ठेवला.

ती पर्स घेऊन बाहेर आली तेव्हा मोईन फाटकाजवळ मोटारसायकलला टेकून उभा होता. किती वेळ उभा होता कोण जाणे.

“मॅडम, माह्यं काय झालं?”

“सोमवारी या. नेहमीसारखे.”

त्याने डोळे मिटून घेतले आणि उघडले. आभार मानू की नको, असं काहीतरी त्याच्या तोंडावर होतं. “अन् मॅडम, त्यायनं पाच काहून दिले होते मंग?”

दीपाने सांगायला सुरुवात केली. दुसऱ्या वाक्याला तिला कळलं की आपण सांगतोय ते सगळं खरं आहे, आणि तरी ते उत्तर नाही. “कांताबाईंना विचारा,” ती म्हणाली. “आता विचारायला हरकत नाही. सोमवारी मी नसेन. थोडे दिवस.”

“तुमी काहून नसान?”

बायांची बस फाटकातून बाहेर निघत होती. कांताबाई पुढच्या खिडकीत होत्या. त्यांनी हात बाहेर काढून विचारलं, “काय मॅडम, सुटला ना आमचा मोईनभाऊ?” बसमध्ये हशा झाला. मोईननेही हात वर केला, सोमवारनंतर पहिल्यांदाच. मागच्या खिडकीत प्रियंका बसली होती. ती हसत नव्हती. ती फाटकाकडे बघत होती, जिथे दीपा आणि मोईन एकमेकांपासून हातभर अंतरावर उभे होते. दोघांपैकी ती कोणाकडे बघत होती, ते दीपाला शेवटपर्यंत कळलं नाही. बस दारव्हा रस्त्याला लागली.